पिंपात काय आहे ते सांग

सोमवार, सकाळ

बारक्या,

मायना घालत नाही. आशीर्वाद द्यावेत असं तू काही केलेलं नाहीस, आणि शिव्या द्यायच्या तर हा कागद पुरायचा नाही. तुझा फोन बंद आहे. तुझ्या कंत्राटदाराच्या गोदामावर पोलीस आले आणि त्याच दिवसापासून तू नाहीसा झालास. टेम्पो कोपऱ्यावर बेवारशासारखा उभा आहे. तू कुठे आहेस ते पंक्चरवाल्याला माहीत आहे. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. तुम्हा दोघांच्या चोऱ्या मी लहानपणापासून त्याच्या कानांवरूनच पकडत आले. पण पत्ता मी त्याला विचारलेला नाही. एवढंच म्हटलं, हे पत्र पोचव.

शेडमधली पिंपं घेऊन जा.

किल्ली मागताना काय म्हणाला होतास? "ताई, थोडे दिवस सामान ठेवतो. रंगाचे डबे आहेत. बाबांना सांगू नकोस." मी सांगितलं नाही. बाबांचे गुडघे धरल्यापासून ते मागच्या अंगणात जात नाहीत, सुतारकामाची शेड वर्षभर बंदच होती, तेव्हा म्हटलं राहू देत. काल वास सहन होईना म्हणून दार उघडलं. रंगाचे डबे असे असतात होय रे? निळी प्लॅस्टिकची पिंपं, काळी पिंपं, गंजलेली पत्र्याची पिंपं, एकावर एक रचलेली. प्रत्येकाचं लेबल खरवडून काढलेलं. बाबांच्या रंध्याच्या बाकाला टेकून जे पत्र्याचं पिंप आहे, त्याचं झाकण वर फुगून आलंय. दाढ सुजल्यावर गाल वर येतो तसं. मी आल्या पावली दार लावलं. घसा अजून खवखवतोय.

वरच्या मजल्यावरची बाई खिडक्या बंद करून बसते आणि दिवसातून दोनदा मला ऐकू जाईल अशा आवाजात खोकते. बाबांनी विचारलं, "मागे काय मेलंय?" मी म्हटलं, घूस. तुझ्यापायी या वयात बापाला घुशीच्या गोष्टी सांगतेय.

ते तुझं नाव घेत नाहीत. 'तो गृहस्थ' म्हणतात. रंधा टाकून स्टिअरिंग धरलंस याचा राग नाही त्यांना, निघताना "लाकूड तासून कुणाचं भलं झालंय?" असं तोंडावर म्हणालास, ते लागलंय. पण तुझं ताट ज्या फळीवर असायचं त्या फळीवर ते दुसरं काही ठेवू देत नाहीत. हे मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ये आणि ने. दिवसाढवळ्या ये. मी दार उघडते.

ताई


मंगळवार, दुपार

बारक्या,

उत्तर नाही. बरं.

एक गोष्ट घडली आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण कळवायला हवं.

वरच्या बाईने आरोग्य खात्यात तक्रार केली. आज सकाळी माणूस येणार असा निरोप नेमका बाबांच्या हाती पडला. मी शिवलेले गणवेश द्यायला शाळेत गेले होते. परत येते तो मागचं दार सताड उघडं, आणि बाबा शेडमध्ये, गुडघे टेकून जमीन पुसतायत. एक निळं पिंप तळाशी झिरपत होतं, बाकाखाली ओल पसरली होती. त्यांनी जुना लाकडाचा भुसा त्यावर टाकला, फडक्याने टिपलं, फडकं हातांनी पिळलं आणि सगळं पोत्यात भरून तोंड बांधलं. पिंपांवर ताडपत्री ओढली, पुढे फळ्या उभ्या केल्या. या गुडघ्यांनी!

मी ओरडले, "बाबा, हात कशाला घातलात?"

"पाण्यासारखं तर आहे. वासही फार नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? घुशीला लेबल खरवडता येत नाही," म्हणाले.

तेवढ्यात खात्याचा माणूस आला. बाबा दारात उभे राहिले आणि त्याला सरळ सांगितलं, "माझं पॉलिश आणि व्हार्निश आहे. जन्मभर सुतारकाम केलंय मी." तो माणूस नाकाला रुमाल लावून लांबूनच बघून गेला. ज्या माणसाने आपल्याला एका खिळ्याबद्दल खोटं बोलू दिलं नाही, तो तुझ्यासाठी खोटं बोलला. माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "त्या गृहस्थाला कळव, लवकर हलव म्हणावं."

तर ते आता सगळं जाणून आहेत. तुला यायला अडचण नाही.

उजव्या हाताची बोटं जरा चुणचुणतायत म्हणाले. मी साबणाने धुवायला लावली. चष्म्यावर शिंतोडे उडालेत, ते किती पुसले तरी जात नाहीत, म्हणून वैतागले आहेत. काचेचाच चष्मा हवा, प्लॅस्टिकच्या काचा नकोत हा त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहेच. बाकी बरे आहेत.

त्या निळ्या पिंपात काय आहे, तेवढं कळव.

ताई


बुधवार, दवाखान्यातून

बाबा बरे नाहीत. काल तुला बरे आहेत असं लिहिलं, तेव्हाही ते बोटं काखेत दाबून बसले होते. तू घाबरून आणखी लांब पळशील म्हणून लिहिलं नाही.

काल संध्याकाळी कळ सुरू झाली. हातोडा बोटावर पडला तरी 'हं' म्हणून पुढचा खिळा ठोकणारे बाबा भिंतीवर डोकं आपटत होते. बारक्या, वरून काही दिसतच नाही. फोड नाही, रक्त नाही. मधली तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडलीत आणि नखांखाली निळसर काळं होतंय. औषध दिलं, सुई दिली, कळ हटत नाही. म्हणतात, हाडाच्या आत कोणीतरी गिरमिट फिरवतंय.

डॉक्टरने विचारलं, कशाने झालं? बाबा म्हणाले, गरम पाणी सांडलं. डॉक्टरलाही खोटं! मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की शेडमध्ये पिंपं आहेत, कसली ते माहीत नाही. तो म्हणाला, "बाई, ॲसिडं काय एक-दोन आहेत? प्रत्येकाचा उपचार वेगळा. नाव सांगा. नाव कळलं तर काहीतरी करता येईल." त्याने हात पाण्याखाली धरायला लावला, मलम लावलं. पण त्याच्या चेहऱ्यावर अंदाज दिसत होता, खात्री नव्हती. दुपारी हृदयाचं यंत्र लावलं. त्यावरची रेघ मधेच अडखळते. नर्स रेघेकडे बघते आणि मग माझ्याकडे बघायचं टाळते.

नाव सांग. बाकी काही नको. येऊ नकोस, पैसे पाठवू नकोस, माफी मागू नकोस. निळ्या पिंपात काय होतं त्याचं नाव एका चिठ्ठीवर लिही. कारखाना माहीत असेल तर कारखाना लिही. पंक्चरवाला दारातच थांबलाय, हे पत्र घेऊन तो आत्ता निघतो. त्याच्याजवळच उत्तर दे.

पाया पडते तुझ्या. मोठी बहीण धाकट्याच्या पाया पडतेय.


गुरुवार

पंक्चरवाला हात हलवत परत आला. म्हणाला, "त्याने वाचलं, ताई. दोनदा वाचलं. मग भिंतीकडे तोंड करून बसला. मी म्हटलं लिही, तर म्हणाला, विचार करू दे."

विचार!

मी तिथेच उठले आणि अग्निशमन दलाला फोन केला. तुझ्यासाठी लपवाछपवी करायची माझी हौस फिटली. सगळं सांगितलं: शेड, पिंपं, तू, तुझा कंत्राटदार. त्यांनी घातक कचऱ्याच्या प्रकल्पावरून माणसं बोलावली. तासाभरात गल्लीच्या दोन्ही तोंडांना पट्ट्या लागल्या आणि वरच्या बाईपासून टोकाच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांना घराबाहेर काढलं. कोणी कडेवर मांजर घेतलं होतं, कोणी टीव्ही. सगळे माझ्याकडे बघत होते. एक जण म्हणाला, "तुमच्या शेडमध्ये मरण ठेवलंत आणि आमच्याशी गोड बोलत होतात."

प्रकल्पावरून एक केमिस्ट बाई आली आहे. माझ्याएवढीच असेल. पायघोळ पांढरा पोशाख, गळ्यात मुखवटा लटकवलेला, आवाज बसलेला. तिने आधी शेड पाहिली नाही, आधी मला खाली बसवलं आणि विचारलं, "कोणाला लागलंय का?" मी बाबांचं सांगितलं. पांढरी बोटं, उशिरा आलेली कळ. तिने मला मधेच थांबवलं.

"त्यांच्या अंगावर तेव्हा आणखी काय होतं? कपडे कुठे आहेत?"

कपडे मी बादलीत घातले होते. चष्मा खिडकीत होता. तिने हातमोजे घालून तो उचलला आणि उजेडात धरला. शिंतोडे उडाले होते तिथे काच खरवडल्यासारखी धुकट झाली होती. आम्ही डाग समजून पुसत होतो, आणि ती काचच खाल्ली गेली होती. बाईने चष्मा खाली ठेवला, दवाखान्याचा नंबर मागितला आणि डॉक्टरशी बोलली. भराभर बोलत होती. मला एवढंच कळलं: काच खाणारं ॲसिड एकच. कातडीला वरून फारसं काही करत नाही, आत जातं, हाडातलं आणि रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि रक्तातलं कमी झालं की हृदय चुकतं. म्हणजे कॅल्शियम द्यायचं, मलमातून, सुईने, शिरेतून. आत्ता.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांनी सुरू केलं होतं. दुपारनंतर बाबा पहिल्यांदा झोपले. रेघ सरळ चाललीय. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल. बोटांबद्दल काही बोलत नाहीत.

हे तुला का लिहितेय मलाच कळत नाही. सवय म्हणून.


शुक्रवार, शाळेच्या हॉलमधून

तुझी चिठ्ठी आज सकाळी मिळाली. 'काचेवर नक्षी करायच्या कारखान्यातलं ॲसिड. निळं पिंप. ताई, मला माफ कर.'

बुधवारी हेच लिहायचं होतं रे. एवढीच अक्षरं होती.

डॉक्टरांनी आज सांगितलं. उजव्या हाताची मधली तीन बोटं काढावी लागणार. अंगठा आणि करंगळी राहील. एक दिवस आधी औषध मिळतं तर कदाचित वाचली असती, कदाचित नसती. 'कदाचित' हा त्यांचा शब्द. मी तुला काही बोलत नाही. तो शब्द तुझ्याकडे ठेव.

अख्खी गल्ली या हॉलमध्ये जमिनीवर बसली आहे आणि मी पोरांच्या बाकावर गुडघे कोंबून लिहितेय. माझ्या आजूबाजूला कोणी बसत नाही. पंक्चरवाला तेवढा आला, चहा दिला आणि न विचारता सगळं बोलला. कंत्राटदार कारखान्यांकडून कचरा प्रकल्पावर पोचवायचा म्हणून घ्यायचा आणि तुम्हा ड्रायव्हरांना सांगायचा, गावाबाहेरच्या ओढ्यात ओता. बाकीचे ओतायचे. तू पहिल्या खेपेला ओढ्याकाठी गेलास, खाली बायका कपडे धूत होत्या, आणि तुझ्याने झाकण उघडवेना. म्हणून एकेक खेप आपल्या शेडमध्ये. पुढे काय करायचं ते नंतर बघू, असं म्हणत.

हे ऐकून मी रडले. मग मला राग आला. ओढा वाचवलास आणि त्याच्या जागी बाप बसवलास.

आता नीट वाच.

केमिस्ट बाई मघाशी येऊन गेली. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत, पिंपं उचला आणि न्या ना. ती चिडली नाही. म्हणाली, "नेऊ हो. पण काय आहे ते माहीत असलेलं पिंप नेणं वेगळं आणि माहीत नसलेलं नेणं वेगळं. काही जळणारं असतं, ते भट्टीत जातं. ॲसिड आधी चुना घालून मारावं लागतं. काही खड्ड्यात पुरतात, खाली-वर जाड अस्तर घालून, म्हणजे जमिनीत उतरायला नको. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आमची माणसं जातात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या शेडमध्ये काळ्या पिंपांत मुलामा द्यायच्या कारखान्यातलं पाणी आहे असा आम्हाला संशय आहे. त्यात सायनाइड असतं. त्याच्या शेजारी ॲसिड झिरपतंय. दोन्ही एकत्र आली तर जो वायू सुटेल तो ही गल्ली ओलांडून दवाखान्यापर्यंत जाईल. आणि ते पत्र्याचं पिंप तासातासाला फुगतंय. आम्ही एकेक तपासत जाऊ शकतो. पण ते पिंप तेवढा वेळ देईल का, सांगता येत नाही. ज्याने रचली त्याला क्रम आठवत असेल."

"तो आला तर त्याला पोलीस धरतील," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. खोटं बोलली नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसला.

पिंपं काढायला तिच्याबरोबर चार पोरं आहेत. एकाने आत्ता माझ्यासमोर घरी फोन केला आणि म्हणाला, यायला उशीर होईल. मग जेवताना घास हातातच ठेवून बसला.

चिठ्ठी नको आता. चिठ्ठीत तू 'खालच्या रांगेत डावीकडे' असं लिहिशील आणि कोणाची डावी ते कळायचं नाही. तू ये. पंक्चरवाल्याला सांगितलंय, हे पत्र दे आणि स्कूटर सुरूच ठेव. यायचं असेल तर मागे बस. नसेल यायचं तर त्याला परत पाठव, आणि पुन्हा मी लिहिणार नाही. बाबा विचारतील तेव्हा सांगेन, पत्ता सापडला नाही. त्यांच्याकडे खोट्याचा हिशेब आधीच बराच झालाय. त्यात एक माझंही.

ताई


पुढच्या आठवड्याचा रविवार, घरातून

बारक्या,

हे पत्र तुरुंगाच्या पत्त्यावर घालतेय. तिथे आधी दुसरं कोणी वाचतं म्हणे. वाचू देत.

त्या शुक्रवारी तुला लांबून पाहिलं. पट्टीच्या अलीकडे मी, पलीकडे तू. दाढी वाढलेली, आणि तो पांढरा पोशाख तुला आखूड होत होता. मी हाक मारली, पण मुखवट्याच्या आत तुला ऐकू गेली नसावी. बाई तुझ्या दंडाला धरून शेडच्या दारापर्यंत घेऊन गेली. तू एकेक पिंप बोटाने दाखवत होतास आणि ती खडूने त्यावर खुणा करत होती. पत्र्याच्या पिंपापाशी तू दोन्ही हात हलवून काहीतरी सांगितलंस, तशी सगळी जणं मागे सरली. नंतर कळलं. रंगाच्या कारखान्यातला गाळ होता तो, आणि पाणी लागलं की भडकेल असं तुला भरताना बजावलं होतं. ती पोरं त्यावर पाण्याचा फवारा मारून गार करणार होती.

मग काळी पिंपं आधी निघाली, ॲसिडापासून लांब, वेगळ्या गाडीतून. झिरपणारं निळं पिंप दुसऱ्या मोठ्या पिंपात उतरवलं, भोवती पांढरी पूड भरली आणि वरून झाकण. बाबांनी बांधलेलं भुशाचं पोतंसुद्धा तसंच, दोन माणसांनी, तान्ह्या मुलासारखं उचलून. मला इतके दिवस वाटायचं कचरा म्हणजे टाकला की संपला. ती बाई म्हणाली, हा संपत नाही, याला शेवटपर्यंत कोणीतरी सोबत करावी लागते.

सगळं निघाल्यावर मी तुझ्याकडे धावले तर त्यांनी अडवलं. आधी तुला धुवायचं होतं. उघड्यावर, नळीच्या पाण्याखाली, थंडीत कुडकुडताना पाहिलं तुला. मग चादर गुंडाळली आणि पोलिसांनी गाडीत घातलं. ती चादर ओली होती, हेच माझ्या डोक्यात राहिलंय.

लोक घरी परतले. वरच्या बाईने जिन्यात मला थांबवलं. वाटलं, आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "आला, हे बरं केलं त्याने." पुढे काही नाही. टोकाचा न्हावी मात्र अजून रस्ता बदलतो. असो.

आता जे सांगायचं ते. पोलीस दवाखान्यात बाबांचा जबाब घ्यायला आले होते. त्यांच्याआधी बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "शेड माझी आहे. पिंपं मीच ठेवून घेतली, त्या गृहस्थाला काही ठाऊक नव्हतं, असं मी सांगणार. तूही तसंच सांग. म्हाताऱ्याला कोण काय करतंय?"

मी म्हटलं, "नाही."

"तुझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच नाही. तुम्ही व्हार्निश सांगितलंत, गरम पाणी सांगितलंत, त्यात तुमची बोटं गेली. आता पुरे."

मी खरं ते सांगितलं. कंत्राटदाराचं, ओढ्याचं, तू का ओतलं नाहीस ते, आणि तू एक दिवस भिंतीकडे तोंड करून बसलास तेही. तूच येऊन क्रम दाखवलास तेही. काही गाळलं नाही. कंत्राटदाराला धरलंय. तुझ्यापेक्षा त्याला जास्त होईल असं वकील म्हणतात, पण तुलाही व्हायचं ते होईल. माझ्या जबाबामुळे वाढलं तर मला बोल. समोरासमोर बोल.

बाबा माझ्यावर रुसले. घरी आल्यापासून शब्द नाही. डाव्या हाताने जेवतात, सांडतात, मी पुसायला गेले की ताट ओढून घेतात.

आज सकाळी मी भेटीचा अर्ज भरत होते. मागून आवाज आला, "दोघांना सोडतात का?"

"सोडतात."

"मग माझंही नाव घाल." मग म्हणाले, "आणि त्या सदऱ्याला उजव्या बाजूने एक खिसा शिव. खोल. हात पूर्ण आत जाईल असा. पोराला दिसायला नको."

पोराला म्हणाले, बारक्या. गृहस्थाला नाही.

खिसा मी शिवला. चांगला खोल शिवला, आतून मऊ कापड लावलं, टाका कुठे बोचू नये म्हणून. बुधवारी आम्ही येतोय. ते समोर बसतील, इकडचं तिकडचं बोलतील, खायला देतात का विचारतील, आणि हात बाहेर काढणार नाहीत. तू समजून उमजून गप्प बसू नकोस. मधे जाळी नसली तर उठ, त्यांच्या उजव्या बाजूला जा, आणि तो हात खिशातून तू बाहेर काढ.

ताई